हँगिंग रॉकवरच्या त्या मुलींचं शेवटी झालं तरी काय?

“नमस्कार. माझी मुलगी मेलबर्नला शिकते. मध्यंतरी ती मैत्रिणींबरोबर हँगिंग रॉक नावाच्या डोंगरावर जाऊन आली. फोटो पाठवले आणि म्हणाली, ‘आई, या जागेवर एक जुना सिनेमा आहे, नक्की बघ.’ म्हणून मी आणि माझ्या यजमानांनी ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ पाहिला. संपल्यावर हे म्हणाले, ‘दोन तास फुकट गेले, शेवटच नाही!’ आणि झोपायला गेले. मला मात्र झोप आली नाही. तेव्हापासून पोळ्या लाटतानासुद्धा ते बासरीसारखं संगीत कानात वाजत असतं. रात्री मोबाइलवर शोधत बसते. हे खरंच घडलं होतं का? मुलींना कोणी पळवलं का? काही बाहेरचं होतं का? कुठेतरी वाचलं की कादंबरीचं शेवटचं प्रकरण आधी काढून टाकलं होतं आणि नंतर ते छापलं. ते वाचलं तर हे डोक्यातून जाईल का? त्यात लेक पुन्हा तिकडे जायचं म्हणते आहे. तिला अडवावंसं वाटतं, पण कारण काय सांगू? हे तर हसतातच. माझंच काही चुकतंय का?
– एक आई, नाशिक”

ताई,

दोन उत्तरं आधी देते, कारण त्यांची घाई आहे. तुमचं काहीही चुकत नाही. आणि लेकीला अडवू नका.

हँगिंग रॉक हे मेलबर्नच्या वायव्येला साधारण सत्तर किलोमीटरवरचं सहलीचं ठिकाण आहे. सिनेमा निघायच्या कितीतरी आधीपासून लोक तिथे खाण्याच्या टोपल्या घेऊन जात आले आहेत. पायथ्याशी घोड्यांच्या शर्यतींचं मैदान आहे आणि नवीन वर्षाच्या दिवशी तिथे शर्यती होतात. २०१० मध्ये लेनर्ड कोहेन आणि २०१३ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन तिथे गाऊन गेले. काळजी करायचीच असेल तर वणव्याची करा. फेब्रुवारी १९८३ च्या वणव्यात शेजारच्या माउंट मॅसिडनवरची घरंच्या घरं जळाली होती. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा. त्या दिवसांत आगीचा इशारा असेल तेव्हा जायचं नाही, पाणी भरपूर न्यायचं, खडकांच्या फटींतून एकटीने भटकायचं नाही. तिला एवढंच सांगा. हे कारण खरं आहे आणि यावर कोणी हसणार नाही.

आता सावकाश बोलू.

हे खरंच घडलं होतं का? नाही. सिनेमा सुरू होताना पडद्यावर मजकूर येतो की शनिवार, १४ फेब्रुवारी १९०० रोजी ॲपलयार्ड कॉलेज या निवासी शाळेच्या मुली हँगिंग रॉकवर सहलीला गेल्या आणि दुपारी त्यांतल्या काही जणी मागमूस न ठेवता नाहीशा झाल्या. त्या वर्षीचं कॅलेंडर काढून बघा. १४ फेब्रुवारीला बुधवार होता. सिनेमाच्या अखेरीस मुख्याध्यापिका मिसेस ॲपलयार्ड यांचा मृतदेह डोंगराच्या पायथ्याशी सापडल्याचं सांगतात, तो दिवस शुक्रवार, २७ मार्च. प्रत्यक्षात तो मंगळवार होता. पण दोन्ही वार एकमेकांशी बरोबर जुळतात! १४ फेब्रुवारीला शनिवार धरला तर २७ मार्चला शुक्रवारच येतो. म्हणजे त्या गोष्टीचं स्वतःचं कॅलेंडर आहे, आतून अगदी चोख आणि आपल्या कॅलेंडरपेक्षा तीन दिवसांनी सरकलेलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. सगळा सिनेमाच असा आहे. प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते आणि तरी काहीतरी किंचित सरकलेलं असतं.

मूळ कादंबरी जोन लिंडसे यांची, १९६७ ची. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. त्या ज्या मुलींच्या शाळेत शिकल्या ती शाळा पुढे हँगिंग रॉकजवळच्या वुडएंड गावी हलली. त्यांचे पती डॅरिल लिंडसे मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाचे संचालक होते. त्या संग्रहात विल्यम फोर्ड यांचं १८७५ चं एक चित्र आहे. त्यात हँगिंग रॉकच्या पायथ्याशी झाडांच्या सावलीत सहलीला आलेली नटलेली माणसं दिसतात. हे खरं की खोटं याचा निकाल लिंडसेबाईंनी प्रस्तावनेतच वाचकावर सोपवला. पुढे मुलाखतींतही त्यांनी तो लावला नाही. वाचकांनी जुनी वर्तमानपत्रं पालथी घातली, पण अशी घटना कुणाला सापडली नाही.

घटना खोटी असली तरी तिच्यामागची भीती खरी होती. आपल्याकडे रानात वाट चुकली की चकवा लागला म्हणतात, आणि उजाडलं की माणूस घरी येतो. ऑस्ट्रेलियात वसाहत करायला गेलेल्या युरोपीय लोकांच्या मनात दुसरीच गोष्ट घर करून होती. मूल झाडीत शिरतं आणि झाडी मिटते. १८६४ मध्ये व्हिक्टोरियातल्याच विमेरा भागात डफ कुटुंबातली तीन भावंडं अशी हरवली आणि नऊ दिवसांनी जिवंत सापडली. ती सापडली माग काढणाऱ्या आदिवासी माणसांमुळे. १८८६ मध्ये फ्रेडरिक मॅककबिन यांनी झाडीत एकट्याच उभ्या असलेल्या मुलीचं मोठं चित्र काढलं, त्याचं नावच ‘लॉस्ट’. लिंडसेबाई आणि दिग्दर्शक पीटर विअर यांच्या हाती ही भीती तयार होती. त्यांनी फक्त मुलींना सापडू दिलं नाही.

मग तुम्ही विचारता की तो सिनेमा मनातून जात का नाही.

नेहमीच्या रहस्यपटात प्रत्येक धागा संशयाचा घेर लहान करत जातो. दहा संशयितांचे पाच होतात, पाचाचे दोन. इथे प्रत्येक धागा घेर मोठा करतो. दुपारी बारा वाजता घड्याळं बंद पडतात, म्हणजे काहीतरी चुंबकीय? वर गेलेल्या मुलींतली ईडिथ किंचाळत खाली येते, ती सांगते की वाटेत लाल ढग दिसला आणि गणिताच्या मिस मक्रॉ स्कर्टशिवाय वर धावत जात होत्या. म्हणजे वेड? आठवड्याभराने नाहीशा झालेल्यांतली अर्मा सापडते, तिला काहीही आठवत नाही आणि तिची कॉर्सेट गायब असते. म्हणजे एखाद्या माणसाचं कृत्य? हे चार धागे घेऊन कुठलाही एक खुलासा करून बघा. दोन धागे बसतात, दोन लोंबकळत राहतात. तुम्ही रात्री मोबाइलवर वाचता ते सगळे सिद्धांत असेच आहेत. प्रत्येक जण आपल्या सोयीचे दोन धागे उचलतो. म्हणून वाचल्यावर थोडा वेळ बरं वाटतं आणि मग पुन्हा शोधावंसं वाटतं. त्यात तुमची चिकाटी कमी पडत नाही. ती गाठ सुटण्यासाठी बांधलेलीच नाही.

आणि ज्या रीतीने हे दाखवलं आहे! छायाचित्रकार रसेल बॉइड यांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर वधूच्या बुरख्याचं तलम जाळीदार कापड लावलं. त्यामुळे सहलीच्या दुपारवर ती मधाच्या रंगाची साय आली. या कामाबद्दल त्यांना ब्रिटिश चित्रपट अकादमीचा (बाफ्टा) छायालेखनाचा पुरस्कार मिळाला. तुमच्या कानात वाजतं ते संगीत रुमानियाच्या गेओर्गे झाम्फिर यांच्या पॅनपाइपचं. त्या वाद्यात एकाशेजारी एक अनेक नळ्या बांधलेल्या असतात आणि फुंकताना सुराच्या आधी श्वास ऐकू येतो. खडकांवरच्या प्रसंगांत याखाली एक खोल घरघरही आहे. ती कानांपेक्षा छातीत जास्त जाणवते. पुन्हा पाहाल तेव्हा हेडफोन लावा. केकवर चढणाऱ्या मुंग्या, झोपलेल्या मुलीजवळून जाणारा सरडा हे बघा. तिथे धमकी कुठेच नाही. मुली पांढऱ्या कपड्यांत बसून कविता वाचत आहेत आणि त्यांच्याभोवती असंख्य जीव आपापलं काम करत आहेत. त्यांना या मुलींची दखलही नाही. मला त्या सिनेमातली सगळ्यात मोठी भीती यात दिसते. सूड घेणारं भूत परवडलं. त्याला निदान आपण माहीत तरी असतो.

खडकाबद्दलही थोडं. घोडागाडीतून जाताना मिस मक्रॉ मुलींना सांगतात की हा डोंगर दहा लाख वर्षांचा आहे, भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी कोवळा. भूशास्त्रज्ञ आता साठ लाखांहून जास्त वर्षं सांगतात. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो लाव्हा पातळ होता. तो दूरवर पसरला आणि थरावर थर साचले, म्हणून आपल्या डोंगरांना त्या आडव्या पायऱ्या दिसतात. हँगिंग रॉकचा लाव्हा दाट आणि चिकट होता. तो वाहून गेला नाही, जागच्या जागी फुगून थिजला. थंड होताना तडकला आणि पावसापाण्याने त्या भेगा रुंदावत गेल्या. सिनेमात मुली ज्या फटींमधून एकामागोमाग एक आत जातात, त्या अशा झाल्या आहेत. भोवतालच्या सपाटीतून तो शंभरेक मीटरच वर येतो. एवढ्याशा डोंगरात माणूस हरवतो हेच मुळात पटत नाही, आणि म्हणून ते मनाला जास्त लागतं.

आता जे मला तुम्हाला खरं सांगायचं आहे त्याकडे येते.

तुमच्या पत्रात नाहीशा झालेल्या मुली आहेत, संगीत आहे, डोंगर आहे. सारा नाही. बहुतेक प्रेक्षकांच्या बोलण्यात ती नसतेच, यात तुमचा दोष नाही. सिनेमा तिला आपल्या डोळ्यांसमोर ठेवून आपली नजर दुसरीकडे वळवत राहतो.

सारा ही त्या शाळेतली अनाथ मुलगी. तिला सहलीला जाऊ दिलेलं नाही. सगळ्या निघतात तेव्हा ती मागे उरते. पुढे डोंगरावर नाहीशी होणाऱ्या मिरांडावर तिचा जीव आहे, आणि मिरांडा तिला सुरुवातीलाच सांगून टाकते की तुला दुसऱ्या कुणावर माया करायला शिकावं लागेल, मी फार दिवस इथे नाही. मुली नाहीशा झाल्यावर पोलीस येतात, कुत्री येतात, गावकरी रान पिंजून काढतात, वार्ताहर येतात. पालक मुलींना शाळेतून काढून घेऊ लागतात, शाळेचा पैसा आटतो. इकडे साराची जबाबदारी घेतलेल्या पालकाकडून फी आलेली नाही. मिसेस ॲपलयार्ड त्या पोरीला जाच करू लागतात आणि शेवटी पुन्हा अनाथालयात पाठवायचं सांगतात. मग एके दिवशी त्या म्हणतात की साराचे पालक येऊन तिला घेऊन गेले. कोणी जास्त विचारत नाही. माळ्याला ती काचघरात मेलेली सापडते. तिने वरून उडी घेतली की तिला ढकललं, हे सिनेमा सांगत नाही.

आणि तो नाचाच्या वर्गातला प्रसंग आठवा. अर्मा लाल झगा घालून सगळ्यांचा निरोप घ्यायला येते. मुली आधी गप्प असतात आणि मग तिच्याभोवती कोंडाळं करून किंचाळायला लागतात. सांग, काय झालं, कुठे आहेत त्या, सांग! अंगावर काटा येतो. त्याच खोलीत, त्याच वेळी, पोक जावं म्हणून साराला भिंतीशी फळीला पट्ट्यांनी बांधून ठेवलेलं असतं. फ्रेंच शिकवणाऱ्या बाईंचं लक्ष तिच्याकडे जातं ते सगळा गोंधळ झाल्यावर. ताई, त्या मुली अर्माला ज्या आवाजात विचारतात त्याच आवाजात आपण सिनेमाला विचारत असतो, आणि आपली पाठ त्याच भिंतीकडे असते.

आणखी एक गोष्ट सांगते. या सिनेमात एक रहस्य पूर्ण सुटतं, फक्त ते त्यातल्या कुणालाच कळत नाही. सारा सांगते की अनाथालयात तिचा एक भाऊ होता. शेजारच्या बंगल्यावरचा घोड्यांची देखभाल करणारा अल्बर्ट सांगतो की त्याची एक धाकटी बहीण अनाथालयात होती. हे दोघं काही मैलांच्या अंतरावर राहतात. अर्माला डोंगरावरून शोधून आणतो तो हाच अल्बर्ट. हरवलेली श्रीमंत वारसदार त्याला सापडते आणि स्वतःची बहीण सापडत नाही. सारा मरते त्या रात्री ती त्याच्या स्वप्नात येऊन निरोप घेते. दुसऱ्या दिवशी तो हे त्याच बंगल्यावर राहणाऱ्या मायकेल या तरुणाला सहज सांगतो आणि पुढच्या गोष्टीकडे वळतो. तिचं काय झालं हे त्याला कधीच कळणार नाही, आपल्याला मात्र कळलेलं आहे. मला हँगिंग रॉकवर काय झालं याची तहान आता उरलेली नाही. हा भाऊ आणि ही बहीण मात्र मला सोडत नाहीत.

याच वाटेने थोडं पुढे गेलं की डोंगराची स्वतःची माणसं येतात. त्या भागाला वुरुंडजेरी, टाउंगुरुंग आणि जा जा वुरुंग या आदिवासी समाजांच्या भूमी लागून आहेत. इंग्रज मेंढपाळ आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे लोक तिथून हुसकले गेले. साथी, हिंसा, सरकारी वसाहतींमधली कोंडी, सगळं त्यांच्या वाट्याला आलं. यात गूढ काहीच नाही, सगळं नोंदलेलं आहे. तरी तिथे जाणारे लोक मिरांडाला हाका मारतात. २०१७ मध्ये एमी स्पायर्स या कलावतीने ‘मिरांडा मस्ट गो’ अशी मोहीमच काढली होती. कादंबरीतल्या गोऱ्या मुलींची आठवण काढताना खरोखर नाहीशा झालेल्यांना विसरू नका, असं तिचं म्हणणं होतं. मला ते पटतं, आणि सिनेमा आवडणाऱ्याने ते ऐकावं असंही वाटतं. सिनेमात शोध सुरू असताना माग काढणारा एक आदिवासी काही क्षण दिसतो. पुन्हा पाहाल तेव्हा त्याच्याकडेही बघा. लेक पुन्हा गेली तर तिलाही त्या लोकांबद्दल वाचून जायला सांगा.

सगळीच रहस्यं न सुटलेली बरी, असं मी म्हणत नाही. दक्षिण कोरियात ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ या काळात बायकांच्या खुनांची मालिका झाली. त्यावर २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा फार मोठा सिनेमा निघाला, त्यातही गुन्हेगार सापडत नाही. २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून खरा माणूस सापडला. तो दुसऱ्या खुनासाठी आधीच तुरुंगात होता, आणि मधल्या काळात एका निरपराध माणसाने वीस वर्षं शिक्षा भोगली होती. अशा ठिकाणी उत्तर हवंच, तिथे धुकं म्हणजे अन्याय. हँगिंग रॉकच्या मुली कागदावर जन्मल्या. त्यांचा न्याय कोणाकडे अडकलेला नाही, म्हणून तो प्रश्न उघडा ठेवता येतो.

तुमच्या यजमानांबद्दल. त्यांच्यासारखं वाटणारे पुष्कळ आहेत. विअर सांगतात की अमेरिकेतल्या एका वितरकाने सिनेमा संपताच हातातला कॉफीचा कप पडद्यावर फेकला होता. दोन तास वाया गेले, रहस्य आहे आणि उत्तर नाही, म्हणून. १९७५ चा हा सिनेमा अमेरिकेत १९७९ मध्ये पोहोचला. १९६० मध्ये कानच्या महोत्सवात अँटोनिओनी यांच्या ‘लाव्हेंतुरा’चीही हुर्यो उडाली होती. त्यात बेटावर हरवलेली तरुणी सापडतच नाही आणि पुढे पुढे तिला शोधणारेही तिला विसरत जातात. त्याच महोत्सवात त्याला ज्युरींचं पारितोषिक मिळालं. तेव्हा यजमानांना पटवत बसू नका. त्यांना उत्तर असलेलं कोडं हवं आहे ना? मग विचारा, सारा आणि अल्बर्ट भाऊबहीण आहेत हे तुमच्या लक्षात आलं होतं का? बहुधा आलं नसेल. माझा अंदाज आहे की ते स्वतःच तो प्रसंग पुन्हा लावायला सांगतील.

रात्रीचं शोधणं मात्र थांबवा. अंधारात, एकटीने, छोट्या पडद्यावर वाचलेला प्रत्येक सिद्धांत दुप्पट भीतीदायक वाटतो. वाचायचंच तर दुपारी वाचा. झोप फारच उडाली असेल, किंवा सिनेमा बाजूला ठेवल्यावरही लेकीची धास्ती वाटतच राहिली, तर तुमच्या डॉक्टरांशी बोला, त्यात संकोच नको. तुम्ही हा सिनेमा आईच्या डोळ्यांनी पाहिला आहे. दूरच्या देशात, दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेल्या मुली, आणि त्या सहलीला जाताना आईवडील पडद्यावर जवळजवळ कुठेच नाहीत. तुमच्या मनाने लगेच स्वतःला त्या रिकाम्या जागी उभं केलं. ते सिनेमाचं भूत नाही, ते तुमचं घरातलं रोजचं काळजीचं ओझं आहे. लेकीशी त्याबद्दल सरळ बोला. ‘तिकडे जाऊ नकोस’ असं म्हणू नका. ‘सिनेमा पाहिला आणि तुझी फार आठवण आली’ असं म्हणा. तिच्या वसतिगृहात सुट्टीच्या दिवशी मागे राहणारी एखादी मुलगी असेल, तर पुढच्या वेळी तिलाही बरोबर ने, असं जरूर सांगा.

आणि तुम्ही विचारलेलं ते शेवटचं, अठरावं प्रकरण. प्रकाशनाआधी संपादकांच्या सल्ल्याने ते वगळलं गेलं. जोन लिंडसे १९८४ मध्ये वारल्या आणि १९८७ मध्ये ते ‘द सीक्रेट ऑफ हँगिंग रॉक’ या नावाने स्वतंत्र छापलं गेलं. त्यात काय आहे ते सांगत नाही. एवढंच सांगते की काळ आणि आकार यांचे नियम तिथे मोडतात आणि प्रसंग विचित्र आहे. काही ओळी सुंदर आहेत. पण वाचून झाल्यावर ‘अच्छा, असं झालं होय’ असं वाटत नाही. त्याने डोंगर लहान होतो आणि कोडं तसंच राहतं. ते गाळणाऱ्या संपादकांचे मी मनापासून आभार मानते.

तरीही वाचू नका असं म्हणणार नाही. फक्त क्रम पाळा. आधी सिनेमा पुन्हा बघा, दिवसा, यजमानांना शेजारी बसवून, आणि नजर सारावर ठेवून. त्याच्या दोन आवृत्त्या मिळतात. मूळची सुमारे ११५ मिनिटांची, आणि १९९८ मध्ये विअर यांनी स्वतः काही मिनिटं कापून तयार केलेली. कोणतीही चालेल. मग कादंबरीची सतरा प्रकरणं वाचा. मिसेस ॲपलयार्ड यांचा शेवट सिनेमात दोन वाक्यांत उरकला आहे, कादंबरीत तो सविस्तर येतो. सगळ्यात शेवटी १४ फेब्रुवारी १९१३ च्या वर्तमानपत्राचं एक कात्रण दिलं आहे, तेही लिंडसेबाईंनीच रचलेलं. तिथपर्यंत पोहोचल्यावरही अठराव्या प्रकरणाची ओढ उरली असेल, तर खुशाल वाचा.